अत्ती मर

मी निघाले ती देवदर्शनाला नाही, भांडण मिटवायला. कुरुंदवाडच्या माझ्या आत्तीचा फोन आला होता, "नवी सून उद्या माहेरी चाललीया. परत न्हाय आली तरी चालंल." सून शिल्पा कर्नाटकातली, मराठी तोडकंमोडकं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी परसात उभी राहून ती तोंडावर म्हणाली म्हणे, "आत्ती, मर." आमच्याकडं सासूलाही आत्तीच म्हणतात. तेव्हापासून आत्तीनं अबोला धरलेला. नोकरीवर परतलेल्या लेकाला मात्र अवाक्षर सांगितलं नव्हतं, उगाच त्याचा संसार नासायला नको.

मंगळवार पेठेतून स्कूटर काढली. जयसिंगपूर, शिरोळ करत जाणारा रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत निघा. वाटेत नृसिंहवाडीला थांबायचंच, आणि कवठाची बर्फी सोडायची नाही. आंबटगोड, खिशालाही परवडते. जुन्या कपित्थाचं कवठ झालं, उदुंबराचं उंबर. नावं अशी तोंडातोंडात झिजून गुळगुळीत होतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

दर्शन घेऊन औदुंबराजवळ टेकले, तर शेजारी एक काका फोनवर ओरडत होते, "अत्ती मर! अत्ती मर!"

माझ्या हातातली बर्फी पडायचीच बाकी होती. विचारलं, "काका, कुणाला मरायला सांगताय?"

"कुणाला न्हाय ओ. बायको चुकलीया गर्दीत. औदुंबराजवळ ये म्हणालो." ते हसायला लागले. "कानडीत उंबराला अत्ती म्हणत्यात, झाडाला मर."

मला तिथंच रडू आलं आणि हसूही. पूल ओलांडून थेट कुरुंदवाड गाठलं. दारात शिल्पाची बॅग भरून ठेवलेली.

"आत्ती, त्या दिवशी तू कुठं उभी होतीस?"

"परसात, उंबराखाली."

मी शिल्पाला हाक मारली, दोघींना परसात नेलं आणि झाडाकडं बोट दाखवलं. "हे काय गं?"

ती बिचारी घाबरतच म्हणाली, "अत्ती मर."

काकांनी सांगितलेलं मी आत्तीला सांगितलं. आत्तीनं उंबराकडं बघितलं. मग शिल्पाला म्हणाली, "आन मला काय म्हणतीस?"

"अत्ती."

"नुसतं?"

"नुसतं."

आत्तीनं बॅग उचलून आत नेली आणि आम्हा दोघींना जेवायला वाढलं. वांग्याची भाजी इतकी झकास, की दोनदा मागून घेतली. माझ्या आत्तीइतकी मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही.

घरी आणलेली बर्फी केव्हाच संपली. परवा आत्तीचा फोन आला, "पोरगी परसातनं अत्ती, अत्ती करती. मला बोलावती का झाडाला, अजून कळत न्हाय बघ."

"मग काय करतीस?"

"मीच जातो की. झाडाला कुठं जाता येतंय?"