विकुन्याची शाल

यामिनी रफू करायची. पुण्याला मावशीकडे शिकली होती. नवऱ्यामागून आयर्लंडला, नास नावाच्या गावी आली तेव्हा सुया बरोबर आणल्या. दोन वर्षांत गावातल्या बायका तिच्याकडे स्वेटर, कोट घेऊन यायला लागल्या. नवरा, सारंग, या कामाला तिचा टाइमपास म्हणायचा. ती ऐकून घ्यायची.

२०२०च्या मे महिन्यात मागच्या गल्लीतल्या मिसेस टुही दाराशी रफूसाठी एक शाल ठेवून गेल्या. पेरू देशात पाद्री असलेल्या त्यांच्या भावाने ती पाठवली होती. भाऊ एप्रिलमध्ये गेला. दफनाला मोजकीच माणसं. आता त्याला जाऊन महिना झाल्याची प्रार्थना लॅपटॉपवर होणार होती, आणि बाईंना तेव्हा ती शाल अंगावर हवी होती.

शाल विकुन्याची होती. दालचिनीच्या रंगाची, हातात आहे की नाही कळू नये इतकी हलकी. विकुन्या म्हणजे लामा या उंटासारख्या प्राण्याचा रानटी भाऊबंद. उंच डोंगरात हिंडतो, गोठ्यात राहत नाही. गावकरी हातात दोर धरून रांग करतात, कळप वेढून आणतात, लोकर कातरतात आणि सोडून देतात. मग दोन-तीन वर्षं त्याच्या वाटेला जात नाहीत.

शालीच्याच किनारीतून धागे उपसून यामिनीने चार भोकं बुजवली. नऊ दिवस लागले.

त्या दिवसांत सारंग बाहेरून आलेलं सगळं धुवायचा. दुधाचे डबे, केळी, किल्ल्या. दहाव्या दिवशी यामिनी आंघोळीला गेली आणि त्याने टेबलावरची शाल मशीनमध्ये टाकली. नव्वद अंश, वर डेटॉल. बाहेर आला तो लोकर आटून घट्ट झालेला, टॉवेलच्या आकाराचा कडक नमदा.

“कोविड आहे, यामिनी. शालच आहे ना? दुसरी मागवू.”

“कुणाला विचारून धुतलीस?”

“तुझ्याच काळजीनं.”

“नऊ दिवस मी ती मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा कुठे होती काळजी?”

तो म्हणाला, मिसेस टुहींना मेल लिहितो. तिने नमदा त्याच्या हातात दिला आणि दार उघडलं.

मिसेस टुही उंबऱ्यात, सारंग फाटकाबाहेर. त्याने सगळं सांगितलं आणि नमदा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. बाईंनी तो उचलला, उलटसुलट करून रफू शोधला. सापडला नाही. मग ग्रँड, ग्रँड, म्हणजे ठीक आहे, असं म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

सारंगचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन म्हणाला, “बघ, त्या रागावल्यासुद्धा नाहीत.”

“मी रागावलेय,” यामिनी म्हणाली. “आणि हा राग दुसरी शाल मागवून जायचा नाही.”