बाबांच्या जिभेवरची नदी

पोर्तुगालला निघाले त्या सकाळी बाबा मला सोडायला आले नाहीत. आमच्या गावी, नार्व्याला, नदीकाठच्या खाजन शेताच्या बांधात लाकडी दार आहे, मानस म्हणतात त्याला. नदीचं, बाबांच्या बोलीत न्हंयेचं, खारं पाणी आत शिरू नये म्हणून भरतीला तिथे लक्ष ठेवावं लागतं. "भरती कोणाच्या धुवेखातीर रावना," म्हणाले, म्हणजे भरती कुणाच्या लेकीसाठी थांबत नाही, आणि गेले. मी गाडीत रुसून बसले. नद्यांचा अभ्यास करायला चाललेली मुलगी, आणि राग नदीवरच!

वर्षभराने पंधरा दिवसांसाठी घरी आले आणि कोरोनाने विमानंच बंद केली. माझी पुस्तकं, स्वेटर, खारेपणा मोजायचं मीटर, सगळं तिकडच्या खोलीत कुलूपबंद. वर्ग लॅपटॉपवर भरू लागले. तिकडची सकाळ आमच्या सोप्यावर भर दुपारी उगवायची. आमच्या प्राध्यापक बाईंच्या खिडकीतलं कोवळं ऊन आणि आमच्या माडांच्या सावल्या एकाच पडद्यावर तरंगायच्या, आणि मी नेमकी कुठे आहे ते मलाच कळेनासं व्हायचं. एरवी उघडेच बसणारे बाबा त्या वेळी शर्ट घालायचे. "घरांत टीचर येता न्हय गो!"

बाईंनी सांगितलं, पावसाआधी जवळच्या नदीची चाळीस दिवसांची नोंद पाठव, नाहीतर वर्ष गेलं. शाळेतून जुनं मीटर मागून आणलं. मीटर म्हणे गोडं, बाबा चूळ भरून थुंकत, "खारें." मी पडले शहाणी, मीटरचं ऐकलं. बारा दिवसांनी कळलं, मीटरच बिघडलेलं. पाऊस तोंडावर. बांधावर बसून मी हमसून रडले.

बाबा शेजारी बसले. बोटांवर तिथी मोजत त्यांनी बाराही दिवसांची चव सांगितली: खारं, मचूळ, गोडं. ती मी नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहिली; दुसरं मीटर मिळाल्यावरही बाबांच्या चवीचा तो रकाना चालूच ठेवला आणि घाबरत सगळं पाठवलं. बाईंनी दोन्ही रकाने ताडून पाहिले. म्हणाल्या, ते बारा दिवस मी धरते.

वर्ष वाचलं. विमानं सुरू झाली, मी परत गेले, पदवी घेतली, इथे पोर्तुगालमध्येच नोकरीला लागले. बाबांचा आवाज मात्र रोज फोनवर येतो. "आज मचूळ." ट्रामची वाट पाहत मी ऐकते. एकदा म्हटलं, बाबा, अभ्यास संपला.

"तुजो सोंपलो. न्हंयेचो खंय सोंपलो?"

गावात राहिलेले तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. माझ्यासारखे बाहेर पडलेले ते विचारतच नाहीत. खरं सांगते, ज्या दिवशी बाबांचा निरोप येत नाही, त्या दिवशी मी कुठेच राहत नसते.