सरकारी ताटली आणि माझा डबा

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली, आमची राजधानी नागपूर सुटून भोपाळ झाली आणि सरकारला एकाएकी आमच्या तब्येतीची काळजी लागली. बऱ्हाणपुरातल्या आमच्या दवाखान्यात नवा नियम आला. भरती झालेल्याला घरचं जेवण बंद, जेवण सरकारच देणार. माझ्या सासूबाई नेमक्या तेव्हाच तापाने तिथे पडलेल्या. सरकारी वरण इतकं पातळ, की ताटलीचा तळ दिसायचा. जन्मभर ज्वारी खाल्लेल्या बाईला गव्हाची ती वातड पोळी गिळवेना. ताटली तशीच परत जायची.

मग मी रोज घरी ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि शनवाऱ्याच्या वस्तीतून भर उन्हात गरम डबा पदराखाली धरून न्यायची. लसणाच्या फोडणीचा वास काय पदराखाली राहतो? चौकीदाराशी रोज हुज्जत व्हायची.

एक दिवस भोपाळहून मोठे साहेब तपासणीला आले. मला वाटलं, सुटले एकदाची! मी डबा लपवून कोपऱ्यात उभी राहिले. साहेबांनी सासूबाईंना विचारलं, "माताजी, खाना कैसा है?"

सासूबाई पदर सावरून उठून बसल्या. "बहुत अच्छा है, साहब. पेट भरके खाती हूँ."

साहेब खूश होऊन गेले. नियम कायम राहिला.

मी भडकले. "असं का सांगितलंत?"

"दुसऱ्याने वाढलेल्या अन्नाला कोणी नावं ठेवतं का?" त्या म्हणाल्या. "काढ तो डबा. आज तरी मीठ घातलंस ना?"