भावोजींची सोनं धुण्याची अवजारं

मे महिन्यात हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवसाची सुट्टी गुरुवारी येते आणि शुक्रवारी बहुतेक सगळेच रजा टाकतात. अशाच एका लांब सुट्टीत ताई आणि भावोजी वाल्डॉर्फहून येनाला आमच्याकडे राहायला आले. ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचं लग्न होऊन ती जर्मनीत आली, तिच्या मागून काही वर्षांनी मी शिकायला आले आणि इथल्याच माणसाशी लग्न करून राहिले. परक्या देशात माहेर म्हणून मला तेवढं एकच घर होतं.

भावोजींनी गाडीची मागची सीट पाडली होती. ताईची एवढीशी बॅग पुढे तिच्या पायाशी होती, कारण मागे जागाच नव्हती. वाळू धुवायची अॅल्युमिनियमची लांब पन्हळ, रबरी चटयांच्या गुंडाळ्या, पहार, दोन फावडी, एकात एक बसणाऱ्या चाळण्या, बॅटरीवरचा पंप, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार. ताई उतरली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आधी चहा दे. जिभेवर सकाळपासून नाणं ठेवल्यासारखं वाटतंय."

हा सोन्याचा नाद आधी आमचा होता. आदल्या उन्हाळ्यात नवऱ्याने आणि मी श्वार्झा नदीवर सोनं धुण्याचा एक दिवसाचा कोर्स केला होता. येनाहून ती नदी फार लांब नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की हौसेपुरतं धुवायचं तर एक थाळी, एक चाळणी, एक हातफावडं आणि गमबूट पुरतात. नदीत मोटार लावायला परवानगी नसते आणि काठ खणायचा नसतो. आम्ही तेवढंच घेतलं. थाळी काळ्या प्लास्टिकची, एका बाजूला खाचा असलेली. वाळू पाण्यात घेऊन ती गोल हलवत राहायची, हलकं ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं, जड ते तळाशी बसतं. लहानपणी कोल्हापूरला आई तांदूळ रोळायची, अगदी तसंच. आई खडे टाकून तांदूळ ठेवायची, इथे तांदूळ सोडून खडा ठेवायचा, एवढाच फरक. संध्याकाळपर्यंत राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक असा एक पिवळा कण मिळाला. तो पाणी भरलेल्या काचेच्या नळीत घालून आम्ही घरी आणला. पाठ मोडली होती आणि मी खूश होते.

दिवाळीत भावोजी आले तेव्हा त्यांनी ती नळी दिव्यासमोर धरली, हलवली आणि विचारलं, "दिवसभरात एवढंच?"

तिथून सुरू झालं. हिवाळाभर ताईला फोन केला की पाच मिनिटांत तो भावोजींच्या हातात जायचा. त्यांनी तीन रंगांच्या थाळ्या मागवल्या होत्या. काळ्या वाळूत सोनं हिरव्या थाळीवर चांगलं दिसतं की निळ्या, यावर ते बोलत राहायचे. पन्हळीतली चटई त्यांनी तीनदा बदलली, कारण बारीक सोनं वाहून जातंय असा त्यांना संशय होता. दर रविवारी ते ऱ्हाइनच्या काठी जाऊन वाळू आणत. अवजारांच्या निवडीत माणूस रमतो, हे मला समजतं. मीही थाळी घेताना दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. पण त्यांच्या बोलण्यातली भाषा मला सोसवेना. खरवडायचं, खेचायचं, सोडायचं नाही. एकदा म्हणाले, "पडून आहे ते. कुणाच्या बापाचं आहे का?" नदी म्हणजे कुणीतरी बेवारस टाकून गेलेलं कपाट, तसं ते बोलत. फोन ठेवला की मला हात धुवावेसे वाटायचे.

शुक्रवारी आम्ही चौघं नदीवर गेलो. भावोजी रबरी विजार चढवून पाण्यात उतरले आणि पंप मांडायला लागले. माझ्या नवऱ्याने त्यांना दोनदा सांगितलं की मोटार चालत नाही. माझं ऐकून तोही त्यांना भावोजी म्हणतो, जर्मन हेल काढून. भावोजींनी तोंड वाकडं करून पंप ठेवला आणि पहार घेतली. मोठ्या दगडांच्या खाली सोनं साचतं, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी एका दगडाखाली पहार घातली आणि सगळं वजन टाकून तो उलथवला.

दगडाच्या खालच्या बाजूला केशरी रंगाचा गोळा चिकटलेला होता. भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, एकाला एक लागलेले. अर्धे पहारीने चेचले गेले होते आणि त्यांचा चीक दगडावरून ओघळत होता. मोठ्या डोक्याचा, बोटाएवढा एक मासा तिथेच घिरट्या घालत राहिला. इथे त्याला ग्रोपे म्हणतात. मादी अंडी घालून जाते आणि नर ती पिल्लं बाहेर येईपर्यंत राखत बसतो. नवऱ्याने हे सांगितलं, तर भावोजी म्हणाले, "मग काय, एका माशानं काय होतंय?" आणि त्यांनी बुटाने तो गोळा खरवडून काढला, कारण दगडाची ती बाजू त्यांना थाळीत घासून घ्यायची होती.

मी काठावर ताईजवळ जाऊन बसले. तिने थर्मासमधून चहा ओतला, तर अर्धा बाहेर सांडला. तिचे हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाली, झोप येत नाही गं महिनोन्महिने, हिरड्या सुजतात, उगीच रडू येतं. डॉक्टरांनी वयाचा त्रास आणि कामाचा ताण म्हणून सांगितलं होतं. ती घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. टाइप करताना बोटं भलतीच अक्षरं दाबतात, म्हणाली. मी तिचा हात हातात घेऊन बसले.

परतताना भावोजींनी पोत्यांतून शेवाळ आणलं. खडकावरच्या शेवाळात सोन्याचे कण अडकतात, हे खरं आहे. आम्ही दोघी वाण्याकडे गेलो तेवढ्यात त्यांनी ते आमच्या बाथटबमध्ये ओतून धुतलं. मी दार उघडलं तेव्हा टबात काळं पाणी तुंबलं होतं. त्यात गोगलगायी, काड्यांच्या घरट्यातल्या अळ्या आणि दोन बारीक जळवा वळवळत होत्या. सडक्या पानांचा, माशाच्या खवल्यांचा वास भिंतींना लागला होता. भावोजी टबाच्या कडेला बसून एक छोटी रबरी पिचकारी दाबून थाळीतून काहीतरी शोषून घेत होते. बोट जिभेला लावून ओलं करून कण उचलत होते. त्या रात्री मी जेवले नाही. तरी पाहुणे आहेत, दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणून मी टब घासला.

शनिवारी सकाळी मी बेकरीतून पाव घेऊन आले, तर स्वयंपाकघरात भावोजी शेगडीपाशी उभे होते. विजेच्या शेगडीची काच लाल झाली होती. ओट्यावर माझं स्टीलचं पातेलं होतं, ज्यात मी रोज दही लावते. त्यात काळी वाळू होती आणि वाळूत चांदीसारखा एक जड गोळा फिरत होता. ते तो बोटाने ढवळत होते. शेजारी झाकणाची एक जाड बाटली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पारा," ते म्हणाले, मीठ म्हणावं तसं. "बारीक सोनं सगळं याला चिकटतं. मग तापवलं की पारा उडून जातो आणि सोनं खाली राहतं. तुमच्या थाळीनं जन्मात जमणार नाही."

मी काचांवर लेप चढवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे पाऱ्याचा एक थेंब सांडला तर सगळा मजला रिकामा करतात. मी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि त्यांना पातेल्यापासून लांब व्हायला सांगितलं. ते हसले. घाबरू नका, म्हणाले, मी घरी नेहमीच करतो, एक्झॉस्ट लावायचा, झालं.

"घरी कुठे?"

"किचनमध्ये. हिवाळ्यात बाल्कनीत गारठायला होतं."

ताई दारात उभी होती. तिच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"माझं कामाचं टेबल किचनमध्येच आहे," ती म्हणाली.

"मग?" भावोजी म्हणाले. "तू काय पारा खातेस का?"

त्या क्षणी मला त्या माणसाची जी किळस आली, ती मी कधी विसरणार नाही. शेवाळाची, जळवांची, त्या चेचलेल्या अंड्यांची किळस तिच्यापुढे काहीच नव्हती. हिवाळाभर हा माणूस सोन्याचे कण जमवत होता आणि त्याची बायको पलीकडच्या खुर्चीत बसून तो पारा श्वासातून आत घेत होती. तिचा हात थरथरताना त्याने रोज पाहिला होता.

नवऱ्याने विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून फायर ब्रिगेडची माणसं आली. आम्ही सगळे खाली अंगणात उभे राहिलो. त्यांनी पातेलं, बाटली, भावोजींची थाळी, सगळं एका पिंपात भरलं आणि मोजणीचं यंत्र घेऊन खोल्यांतून फिरले. आमचं घर वाचलं होतं, पातेलं अजून शेगडीवर चढलं नव्हतं. जिन्यातून शेजारी बघत होते. अंगणात आणून पिंपाला झाकण लावताना भावोजी पुढे झाले आणि त्यांनी स्वच्छ जर्मनमध्ये विचारलं की त्यातलं सोनं नंतर परत मिळेल का. त्या माणसाने झाकण आवळलं.

मी त्यांना आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते. तेव्हाही आवाज चढवला नाही. "भावोजी, तुम्ही आज निघा," मी म्हटलं. "ताई इथेच राहील." ते ताईकडे वळले. ती म्हणाली की माझी बॅग वरच राहू द्या. त्यांनी गाडीत पंप आणि पन्हळ नीट रचली आणि ते गेले.

सोमवारी ताईला हॉस्पिटलात नेलं. रक्तात आणि लघवीत पारा सापडला, भरपूर. भावोजींनाही तपासायला लावलं. त्यांच्यातही होता, पण तिच्याहून कमी, कारण ते दिवसभर ऑफिसात असत. ताईला औषधांचा लांबलचक कोर्स दिला. त्या गोळ्यांनी तिच्या घामाला गंधकासारखा वास यायचा, त्याची तिला लाज वाटायची आणि ती दिवसातून तीनदा अंघोळ करायची. वाल्डॉर्फच्या घरात तज्ज्ञ माणसं येऊन मोजून गेली. किचनची कपाटं, पडदे आणि ज्या गादीच्या खुर्चीवर ती बसायची ती खुर्ची, सगळं विषारी कचरा म्हणून गेलं. जमिनीचे तक्ते उखडावे लागले. माझे मावशी-काका, म्हणजे ताईचे आई-वडील, पुण्याहून रोज फोन करायचे. ताईने त्यांना ॲलर्जी झाली एवढंच सांगितलं. मीही मावशीला खरं सांगितलं नाही.

ती उन्हाळाभर आमच्याकडे राहिली. जुलैत भावोजी तिला भेटायला आले. केस कापलेले, हातात फुलं. बोलता बोलता त्यांनी खिशातून सोनाराची डबी काढली. हिवाळ्यात घरी तापवून जे सोनं निघालं होतं, त्यात थोडं आणखी घालून त्यांनी तिच्यासाठी कुड्या करून घेतल्या होत्या. खूप सुंदर घडणीच्या होत्या, मोत्याभोवती बारीक नक्षी. त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली. माफी मागायची त्यांची पद्धत असावी. मला वाटतं त्यांना मनापासून तसं वाटत होतं, आणि म्हणूनच मला आणखी शिसारी आली.

ताईने डबीला हात लावला नाही. पेनच्या टोकाने तिने ती परत त्यांच्याकडे ढकलली.

"अंगात जायचं ते गेलं," ती म्हणाली. "आता कानात आणखी नको."

त्यांनी कुड्या विकल्या की ठेवल्या, हे मी विचारलं नाही. अवजारं मात्र त्यांनी इंटरनेटवर जाहिरात देऊन विकली. जाहिरात ताईने मला दाखवली. पन्हळ, पंप आणि चटया चकाचक धुऊन, गवतावर मांडून फोटो काढले होते आणि खाली लिहिलं होतं की वस्तू उत्तम स्थितीत आहेत, पूर्ण कुटुंबासाठी मजेचा छंद. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि उठून बाहेर गेले.

शरद ऋतूत ताई परत गेली. लोकांना वाटलं होतं की ती जाणार नाही, मलाही वाटलं होतं. तिने मला एवढंच सांगितलं की तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, बाग आहे आणि या वयात दुसरं शहर शिकायची तिला हौस नाही. आता ती भाषांतरं घरी करत नाही, एका ऑफिसात टेबल भाड्याने घेतलं आहे. हात जवळजवळ स्थिर झाले आहेत. सुईत दोरा मात्र अजून मैत्रिणीकडून ओवून घेते. भावोजी आता सायकल चालवतात, महागडी सायकल, त्या सायकलीबद्दलही ते खूप बोलतात. माझ्याशी अत्यंत आदराने वागतात.

या दिवाळीला आम्ही गेलो होतो. भावोजींनी स्वतः शंकरपाळे केले होते, नव्या स्वयंपाकघरात, नव्या ओट्यावर. बशी माझ्यापुढे धरली. सगळे बघत होते, म्हणून मी एक उचलला. तो बराच वेळ हातात धरून बसले आणि मग अंगणात जाऊन झाडाखाली टाकून दिला.