कॅप्टिव्हेटचा अर्थ नाचून दाखव

"ए भामरागड, ऊठ."

इंग्रजीचे सर मले नावानं कधी बोलवतच नव्हते, माह्या तालुक्याच्या नावानंच हाक मारत. गडचिरोलीच्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाले होती मी. फळ्यावर त्यायनं शब्द लिहिला होता, कॅप्टिव्हेट. अर्थ सांगितला, पाहणाऱ्याची नजर जागची हलूच न देणं. मंग वाक्य दिलं, 'ट्रायबल गर्ल्स कॅप्टिव्हेट द गेस्ट्स.' आदिवासी पोरी पाहुण्यायले भुलवतात.

खरं सांगू? आधी मले बरंच वाटलं. इंग्रजीच्या वाक्यात आमी पहिल्यांदाच आलो होतो.

"आता अर्थ करून दाखव," सर म्हणले. "तुमचा तो रेला नाच. समजू दे सगळ्यांना."

वर्ग खिदळला. सरले नाई कसं म्हणावं? ओढणी कमरेले खोचली अन् फळ्यासमोर गेली.

रेला एकटीनं होतच नाई हो. बाजूवालीच्या कमरेत आपला हात पाहिजे, आपल्या कमरेत तिचा. म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत अख्खं गाव रांगेत असते. खुर्चीवर बसून पाहणारा कोणी नसतेच. इथी माह्या दोन्ही बाजूले कोणीच नव्हतं. हात कुठी ठेवावे तेच समजेना. दोन पावलं टाकली अन् थांबली. पोरायनं मोबाईल वर केले. मांगून कोणी तोंडानं ढोल वाजवला. सर हसून म्हणले, "पाहा, झाले ना सगळे कॅप्टिव्हेट?"

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. हॉस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. सरवर राग होताच, त्याहून जास्त स्वतःवर. काऊन उठली मी?

पुढं गॅदरिंग आलं. मोठे पाहुणे येणार होते. सरनं खोलीत बोलावलं. टेबलावर पिसांचा तुरा अन् गुडघ्यावरचं लुगडं ठेवलं होतं.

"नाचात तू मधोमध राहायचं. आणि लक्षात ठेव, तोंडी परीक्षेचे मार्क माझ्याच हातात आहेत."

नापास झाली तं बाबा घरी नेणार. एकदा घरी गेली का शिक्षण खलास. हे सरले माहीत होतं, म्हणूनच बोलले.

"मी नाई नाचत, सर."

"काय?"

"नाई नाचत. पाहुण्यायसाठी नाई, तुमच्यासाठीबी नाई."

"फार शहाणी झालीस गं."

"शहाणी व्हालेच तं आली आहो इथी."

तुऱ्याले हात नाई लावला.

सरनं आपला शब्द खरा केला. इंग्रजीत नापास झाली मी. बाबाले फोन करून सांगितलं. ते म्हणले, "घरी ये बाई."

"नाई येत, बाबा."

आता तोच पेपर पुन्हा देऊन राह्यली. सर तेच आहेत, मार्क त्यायच्याच हातात आहेत. पुन्हा पाडतीन, मी पुन्हा बसीन. पुढच्या साली आमच्याकडची अजून एक पोरगी या वर्गात येऊन राह्यली. तिले कोणी नाचाले उठवून तं पाहावं. मी दारातच उभी आहो.