आठ मेंढ्यांवरची चांदी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. मागच्या मे महिन्यात, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. ठिकाण शहरातल्या एका कॉलेजचा इतिहास विभाग. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण मी दाराबाहेर उभी होते आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी एका संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळं ही सवयच लागली आहे. कुणावर, कुठं, कधी. बाकीचं नंतर.

बहीण एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्या दिवशी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. प्रबंध सोळाव्या शतकातल्या समुद्रावरचा. मेंढपाळाच्या पोरीला समुद्र कशाला, हे तिला भावकीपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नाही. आम्ही पाचोडकडचे. जायकवाडीचं धरण हेच आमचं सगळ्यात मोठं पाणी. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "अक्का, परवान्याची गोष्ट हाय ही. आपल्याला नाय कळणार तर कुणाला कळणार?"

गोष्ट अशी. त्या काळी स्पेनचा राजा म्हणायचा, समुद्रापलीकडचा अमेरिकेचा मुलूख माझा, तिथली चांदी माझी आणि तिथवर जाणारा समुद्रही माझा. इंग्लंडच्या राणीला हे मान्य नव्हतं, पण उघड भिडायची तिची तयारी नव्हती. मग तिचे कप्तान परस्पर जायचे, स्पेनची जहाजं अडवायचे, बंदरं लुटायचे. कुणाच्या खिशात राणीचा कागद असायचा, कुणाच्या नसायचा. एखाद्याला ती जाताना ओळख द्यायची नाही आणि लूट घेऊन आला की मानानं बोलवायची. लंडनमध्ये तो नौदलाचा अधिकारी, स्पेनच्या बंदरात तोच चाचा, समुद्री लुटारू. माणूस तोच, जहाज तेच, तोफा त्याच. आमचा बा वनखात्याच्या हद्दीवरून मेंढरं नेतो तेव्हा त्याला हाच कायदा लागू होतो. चिठ्ठी असली तर चराई, नसली तर चोरी.

बहिणीनं हे सगळं पुराव्यानिशी मांडलं होतं. जहाज आलं की तळटीप. तोफ आली की तळटीप. राजाचं पत्र आलं की दोन तळटीपा. फक्त एक परिच्छेद मोकळा होता. त्यात तिनं लिहिलं होतं की एका इंग्रज कप्तानाची माणसं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यासाठी उतरली, तेव्हा त्यांना एक स्पॅनिश माणूस आणि तिथलाच एक मेंढपाळ दिसला. दोघं आठ मेंढ्या हाकत चालले होते. एकेका मेंढीवर चामड्याच्या दोन पिशव्या, एकेका पिशवीत पन्नास रत्तल, म्हणजे बावीस-तेवीस किलो, चांदी. इंग्रजांनी मेंढ्या चांदीसकट पळवल्या.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक तिथं थांबले. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मेंढ्यांवर चांदी?" ते हसले. "तुमच्या घरी मेंढ्या आहेत म्हणून स्पेनच्या राजाकडं पण मेंढ्याच का? टीप नाही, आधार नाही. हे रचलेलं आहे."

बहीण गप्प.  त्यांनी कागदावर 'पुरावा बनावट' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

बनावट म्हणजे नापास. नापास म्हणजे पीएच.डी.चा प्रवेश जाणार आणि त्याबरोबर हॉस्टेलची खोलीही, कारण खोली पुढं शिकणाऱ्या मुलींनाच मिळते. शहरात तिला दुसरी जागा नव्हती. मी स्वतःच संघटनेच्या कार्यालयात सतरंजीवर झोपते. खोली गेली की ती मेंढरांमागं परत जाणार आणि पुन्हा येणार नाही, हे तिलाही माहीत होतं, मलाही.

मी तडक विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत शिरले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ओरडून झालं? गुणांची यादी गुरुवारी पाचला विद्यापीठात जाते. तोवर ती माझ्या टेबलावर आहे. परीक्षक सरही गुरुवारपर्यंत इथंच आहेत. पुरावा आणा."

"आणि त्यांनी शेरा बदलला नाही तर?"

"आधी आणा."

मला ते टाळणं वाटलं. जिन्यात बहिणीला गाठलं.

"टीप का नाय टाकलीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीही परीक्षकांच्या बाजूची. "जनावराच्या पाठीवर ओझं व्हतं, ह्याला काय टीप टाकायची अक्का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमचा तळ हलतो तेव्हा घोडीवर संसार जातो आणि सगळ्यात थोराड मेंढ्याच्या पाठीवर बा मिठाची पिशवी बांधतो. मिठाच्या ओढीनं बाकीचा कळप मागं चालतो. हे आम्ही चालायला लागल्यापासून बघतो. ती जे वाचून शिकली त्याला तिनं पुरावा दिला. जे जन्मापासून ठाऊक, त्याला कोण मागेल असं तिला वाटलंच नाही. ही चूक आमच्याच घरातलं माणूस करू जाणे. पण टीप हवी होती. ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आत्ताही करते.

आधार होता. त्या सफरीचं एक जुनं इंग्रजी वर्णन तिनं ग्रंथालयात वाचलं होतं आणि त्यात चक्क मेंढ्याच म्हटलं होतं. पण ते पुस्तक खिळखिळं झालं म्हणून बांधणीला गेलेलं. मोबाइलवर शोधलं, तर सापडलं ते सगळं नव्यानं सांगितलेलं. त्यात त्या जनावराचं आजचं नाव, लामा, उंटाच्या जातीचं लांब मानेचं जनावर. म्हणजे परीक्षकांचंच खरं ठरायचं.

"त्या पानाची झेरॉक्स व्हती ना तुझ्याकडं?"

"बाच्याकडं हाय."

दिवाळीच्या सुट्टीत ती कळपावर होती आणि हे पान तिनं बाला वाचून दाखवलं होतं. पानावर त्या जनावराचं चित्र होतं. बाला ते इतकं आवडलं की त्यानं ठेवून घेतलं. आता बा कुठं? दिवाळीनंतर आमची मेंढरं निघतात ती पावसाळ्यालाच परत येतात. मधल्या काळात आज ह्या रानात, चार दिवसांनी त्या. फोन लागेना. तो शेतकऱ्याच्या घरी चार्ज झाला तरच लागतो. शेवटचा फोन आला होता तेव्हा बा वैजापूरच्या बाजूला होता, एवढंच हाती.

त्या दुपारी मी एक वाईट काम केलं. चहाच्या टपरीवर बसून पत्रक लिहिलं. मथळा, 'समुद्रावरचे चाचे परवडले!' परीक्षकांना तर झोडलंच, मॅडमचंही नाव घातलं. मेंढपाळाच्या लेकीला बाहेर काढायचा दोघांचा कट आहे, असं बिनधास्त लिहिलं. मॅडमच्या कटाला माझ्याकडं काय पुरावा होता? काही नाही. पाचशे प्रती काढायच्या ठरवून गुलमंडीतल्या छापखान्याकडं निघाले, तर बहिणीनं कागद हातातून ओढून घेतला, वाचला आणि चार तुकडे केले.

"परवा संध्याकाळपर्यंत थांब. मग काय छापायचं ते छाप."

"परवा उशीर होईल."

"मला उशीर होईल. तुला कसला?"

बुधवारी पहिल्या एसटीनं वैजापूर गाठलं. कळप शोधायची आमची एक रीत आहे. रस्त्यावर विचारायचं नाही, बाजार समितीत विचारायचं. कांदा निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी, आणि कुणाच्या रानात कुणाची मेंढरं आहेत हे कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चौथ्याच माणसानं मान वर केली.

"पाचोडकडचा म्हातारा? मान लांब असलेल्या मेंढीचं चित्र दाखवत हिंडतो तो?"

मी तिथंच कांद्याच्या गोणीवर बसले.  चित्र होतं म्हणजे पान होतं.

"आमच्या चुलत्याच्या रानात हाये," तो म्हणाला. "लई बोलतो तो. माझ्या पोराला म्हणे, ही मेंढी चांदी वाहती."

त्याच्याच मोटरसायकलवर रानात गेले. बा बाभळीच्या सावलीत एका मेंढीचा खूर बघत होता. मला बघून त्यानं खूर सोडला नाही.

"का गं माय? धाकली बरी हाय ना?"

मी सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं. "त्यानं तिला इचारलं का, कुठून आनलं म्हून?"

"नाय."

"मग लबाड कसं ठरविलं?"

 बानं घोडीच्या सामानातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मेंढरांच्या लसीचं कार्ड आणि त्याच्या घडीत ते पान. कडा मऊ पडलेल्या, पण वर पुस्तकाचं नाव, खाली पानाचा आकडा, सगळं शाबूत. मी उभ्या उभ्या वाचलं. आठ. मेंढ्या. चामड्याच्या पिशव्या. पन्नास रत्तल. डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हावर ढकललं.

त्या जुन्या वर्णनात एक थट्टा आहे. लिहिणारा म्हणतो की त्या स्पॅनिश गृहस्थाला जनावरं हाकायची वेळ यावी हे आम्हाला बघवलं नाही, म्हणून आम्हीच हाकणारे झालो. मी बाला मराठीत सांगितलं, तर तो खो खो हसला. "चोर बी गमत्या व्हता की! मेंढरं पळवायची आन वर म्हनायचं, तुमचे कष्ट वाचवले." मग थांबला. "पर त्यो दुसरा? मेंढरं खरी हाकीत व्हता त्यो? त्याचं काय केलं?"

"लिहिलेलं नाय."

"व्हय," बा म्हणाला. "धाकलीबी हेच म्हनली व्हती दिवाळीत." पान माझ्या हातात देताना त्यानं बजावलं, "झेरॉक्स काढून ह्ये मला परत आनून दे. अर्ध्या वैजापूरला दाखवायचं ऱ्हायलंय अजून."

गुरुवारी पावणेचारला बहीण पान घेऊन मॅडमच्या खोलीत गेली, परीक्षक तिथंच बसले होते. मॅडमनी मलाही खुर्ची दिली. यादी खरंच त्यांच्या टेबलावर होती, पेपरवेटखाली, पाकिटाबाहेर. दोन दिवसांत क्लार्क मुदतीआधीच ती न्यायला तीनदा आला होता आणि तीनदा रिकामा परत गेला, हे मला नंतर कळलं. ह्याच बाईचं नाव मी कटात घातलं होतं. ते पत्रक छापलं असतं तर? अजूनही आठवलं की मला हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं निर्मळ नाही, त्यात लाज आहे.

परीक्षकांनी पान वाचलं. एकदा, मग चष्मा चढवून पुन्हा.

"मेंढ्याच म्हटलंय की," ते म्हणाले. आवाजात हसू नव्हतं. "ही लामा असणार. तिथं मेंढ्या नव्हत्या."

"हो सर. पण खलाशांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. त्यांना मेंढीच वाटली. आमच्या वडलांनाही."

"मग मंगळवारी का नाही बोललात?"

"कुठून आणलं असं तुम्ही विचारलंच नाही, सर. रचलंय म्हणालात. त्याच्यावर काय बोलायचं?"

 मग त्यांनी पेन काढलं, शेरा खोडला, शेजारी सही केली आणि म्हणाले, "टीप टाका. आणि त्या मेंढपाळाचं काय झालं हे परिच्छेदाच्या शेवटी विचारलंयत, ते काढू नका. चांगलं आहे." माफी त्यांनी मागितली नाही. मी मागायला लावणार होते, बहिणीनं टेबलाखालून पाय दाबला.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो. ती कितीतरी दिवसांनी पोटभर हसली. खोली राहिली. परवाच तिनं तिथं नवी मच्छरदाणी लावली, पीएच.डी.ची पुस्तकं खाटेखाली रचली. बाला पान पोचलं. बांधणीहून पुस्तकही आलं.

पत्रक मी आज लिहिते आहे, तेही कुणाचं नाव न घालता, आणि मागणी एकच आहे. तुम्ही शिकवत असाल, तपासत असाल, गुण देत असाल, तर हे तुम्हालाच आहे. समोरची पोर तुम्हाला माहीत नसलेलं काही सांगेल तेव्हा 'खोटं' लिहायच्या आधी 'कुठून आणलं' एवढं विचारा. आणि उत्तर वैजापूरच्या रानातून यायचं असेल, तर ते येईपर्यंत यादी पाकिटात घालू नका.