प्रधानबाईंचा दीर

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि बघता बघता बमरोलीची गल्ली ओस पडली. उज्ज्वलाबाई प्रधान मराठी शाळेत शिक्षिका होत्या. नवरा, विजय, जाऊन तीन वर्षं झालेली, घरात एकट्याच. त्यांनीही बॅग भरली आणि ठाण्याला धाकट्या दिराला फोन लावला.

"वहिनी," दीर अडखळत म्हणाला, "थोडे दिवस तिथंच थांबता का? इथं मुलं लहान आहेत..."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि साड्या एकेक करून परत कपाटात लावल्या.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कलाबाईला सणकून ताप भरला. तिला रिक्षात घालून उज्ज्वलाबाईंनी दवाखाना गाठला. तोंडाला रुमाल बांधून त्या बाकावर बसल्या होत्या, तेवढ्यात वॉर्डबॉयनं हाक दिली, "प्रधानना सगामां कोण छे?"

प्रधानांचं नातेवाईक कोण, असं तो विचारत होता. नाव ऐकून सवयीनं त्या उठल्या. पण खाटेवर भलताच माणूस. चाळिशीचा, सावळा, तापानं फणफणलेला. बनमाली प्रधान, ओरिसातल्या गंजामचा, लूमवर काम करणारा. खोलीतले सोबती त्याला इथं टेकवून गावाच्या गाडीत बसले होते. बाहेरून औषधं आणायला कुणी नव्हतं.

"तमारा शुं थाय?" वॉर्डबॉयनं विचारलं.

कुणी लागत नाही, असं ओठांवर आलं होतं. पण बनमालीनं डोळे उघडले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"दियर छे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. स्वतःच्याच तोंडून 'दीर' ऐकून त्यांना नवल वाटलं.

कलाबाईचा ताप मलेरियाचा निघाला, ती लवकर घरी आली. बनमालीचं दुखणं लांबलं. उज्ज्वलाबाई रोज डब्यातून पेज न्यायच्या. उठून बसायला लागला तसं त्यानं विचारलं, "भाभी, आप किधर के प्रधान?"

"सासरची माणसं म्हणतात, कुणी पूर्वज कुठल्याशा राजाचा प्रधान होता," त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

"हमारा तो आधा गाँव प्रधान है. कोई मुखिया रहा होगा. मेरा बाप तो बैलगाड़ी हाँकता था."

मग त्यांनी दार्जिलिंगची गोष्ट काढली. स्वेटरच्या दुकानावर 'प्रधान' अशी पाटी बघून विजय हरखून आत शिरला, तर मालक नेपाळी. दोघांनी खूप शोधलं, पण नातं कुठंच जुळेना. तरी त्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. "आणि माझं म्हणशील, तर मी जन्माची गुप्ते. हे नाव मला लग्नात मिळालं."

बनमाली हसला, हसता हसता खोकला. उज्ज्वलाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आजारपणात विजयच्या पाठीवरून फिरवायच्या तसाच. हे लक्षात आल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि पेजेचा डबा उघडला.

बरा होऊन तो गावी गेला, दिवाळीनंतर परतला. रविवारी अधूनमधून यायचा. नळ दुरुस्त करायचा, जेवायचा.

नाताळच्या सुटीत ठाण्याचा दीर आला, तोही नेमका रविवारी. ओशाळलेला होता. उज्ज्वलाबाईंनी त्या फोनचा विषयसुद्धा काढला नाही. पानं वाढली. शेजारच्या पाटावरच्या माणसाकडे बघत दिरानं हळूच विचारलं, "वहिनी, हे कोण?"

"प्रधान," त्या म्हणाल्या. "ओरिसाचे. भावजी, भात घ्या आणखी."